हिवाळ्यापूर्वी गाडीच्या एअर सस्पेन्शनची तयारी : गळती, ओलावा आणि थंडी

वारणाकाठ (कॅलगरी)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर लागला की आमच्या कॅलगरीत हिवाळी टायर चढवून घेण्यासाठी गॅरेजांसमोर रांगा लागतात. पश्चिमेला बॅन्फ ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरणाऱ्यांना तर तिथल्या डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून असे टायर सक्तीचे आहेत, त्यामुळे ही तयारी सहसा कोणी चुकवत नाही. टायर, बॅटरी आणि काच धुण्याचे न गोठणारे द्रावण एवढे झाले की एअर सस्पेन्शनवाल्या गाड्यांचे मालकही निर्धास्त होतात, आणि मग जानेवारीत उणे २५ अंशांच्या एखाद्या सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की 'थंडीने सस्पेन्शन गेले' म्हणत वर्कशॉपला फोन करतात. मी मूळचा वारणाकाठचा असून इथे वाहनदुरुस्तीचेच काम करतो, आणि माझे ठाम मत असे आहे की नुसत्या थंडीने सस्पेन्शन क्वचितच जाते. ते बहुधा सप्टेंबरमध्येच बिघडलेले असते आणि जानेवारीत फक्त दिसू लागते. म्हणून बर्फ पडण्याआधीच हा धागा काढत आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगतो. पोलादी स्प्रिंगच्या जागी चाकाशी हवा भरलेली रबरी पिशवी असते, जिला आपल्याकडचे बसवाले बलून म्हणतात. विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती ड्रायरमधल्या दाण्यांतून कोरडी करून व्हॉल्व्ह ब्लॉककडे (कोणत्या बलूनला हवा द्यायची ते ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याकडे) पाठवतो आणि तिथून ती नायलॉनच्या बारीक नळ्यांनी बलूनमध्ये जाते. चाकाजवळचे सेन्सर गाडी जमिनीपासून किती वर आहे हे कंट्रोल युनिटला सतत कळवत राहतात. बऱ्याच गाड्यांत दाबलेली हवा साठवायला एक टाकीही असते.

या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रायर. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, शून्य अंशाला ते ५ ग्रॅमच्याही खाली येते आणि उणे २० अंशांना जेमतेम १ ग्रॅम उरते. त्यात कॉम्प्रेसर दहा घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत दाबतो, पण त्या जागेची बाष्प धरण्याची क्षमता काही दसपट होत नाही, त्यामुळे जास्तीचे बाष्प पाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी पकडण्यासाठी ड्रायरमध्ये सिलिका जेलसारख्या पदार्थाचे दाणे असतात. दाणे कायम पाणी पीत राहू शकत नाहीत, म्हणून रचना अशी केलेली असते की गाडी खाली घेताना बलूनमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलट दिशेने बाहेर जाते आणि जाता जाता दाण्यांतला ओलावा सोबत घेऊन जाते. अशा रीतीने ड्रायर स्वतःला पुन्हा कोरडा करत असतो.

आता कुठेतरी बारीक गळती आहे असे समजा. बाहेरची दमट हवा ड्रायरमधून आत येत राहते, परंतु परत जाताना ती ड्रायरमधून न जाता गळतीच्या भोकातून निघून जाते. दाण्यांना वाळायची संधीच मिळत नाही. उन्हाळाभर हे चालले की दाणे तृप्त होतात, पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उतरते आणि पहिल्या कडक थंडीत तिथे बर्फ धरतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर दाब धरत नाही, बंद अडकला तर तो कोपरा वर किंवा खाली होत नाही. दुसरीकडे गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर दिवसरात्र राबून तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते आणि तिची काळी पूड ड्रायरमध्ये जाऊन बसते. शेवटी कॉम्प्रेसर जळतो, मालक नवा कॉम्प्रेसर बसवतो, गळती मात्र तशीच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला हा प्रकार असून तो मी फार वेळा पाहतो.

म्हणून तयारीचा क्रम माझ्या मते असा असावा. सर्वांत आधी गळती शोधावी, आणि ती दिवसाचे तापमान ५ अंशांच्या वर आहे तोवरच शोधावी, कारण त्यासाठी साबणाचे पाणी लागते आणि ते गोठले की काही दिसत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे, सोबत तापमानही लिहावे, आणि सकाळी गाडीचे दार उघडण्याआधी पुन्हा मोजावे. दार उघडले की पुष्कळ गाड्यांचे कंट्रोल युनिट जागे होते आणि उंची दुरुस्त करू लागते, मग खरे माप हाती लागत नाही. जो कोपरा इतरांपेक्षा जास्त खचला असेल तिथून शोध सुरू करावा. गाडी सर्वांत वरच्या पातळीला नेऊन बलूनच्या खालच्या बाजूची घडी पाहावी. चाक वरखाली होताना रबर याच जागी वळते आणि उलगडते, त्यामुळे पहिल्या भेगा इथेच पडतात, आणि गाडी नेहमीच्या उंचीवर असताना त्या घडीच्या पोटात लपलेल्या राहतात.

एक गोष्ट मात्र जीव लावून सांगतो. केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. बॉडीखाली मजबूत स्टँड लावल्याशिवाय डोकेच काय, हातसुद्धा चाक आणि मडगार्डच्या मध्ये घालू नका. व्हॉल्व्ह उघडला तर दोन टनांची गाडी क्षणात खाली येते.

गळती बंद झाल्यावर ड्रायरचे दाणे बदलावेत किंवा ड्रायर सीलबंद असेल तर तो पूर्ण बदलावा, आणि कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाचा फिल्टर पाहावा. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. गळकी यंत्रणा तशीच ठेवून नवे दाणे भरले तर ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकणार नाहीत.

आपापल्या भागातले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

ओंटारियोकर

अतिशय उपयुक्त धागा. आमची गाडी रात्री गरम गॅरेजमध्ये असते तेव्हा सकाळी अगदी व्यवस्थित दिसते, परंतु मागच्या हिवाळ्यात पाहुणे आल्यामुळे ती बाहेर उभी केली, तेव्हा सकाळी चारही बाजूंनी साधारण बोटभर खाली बसलेली होती. इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात ती वर आली आणि कोणताही इशारा देणारा दिवा लागला नाही. गॅरेजमध्ये चौकशी केली असता चारही बलून गळत असावेत आणि ते एकदमच बदलून टाकावेत असा सल्ला मिळाला. खर्च मोठा असल्यामुळे मी अजून निर्णय घेतलेला नाही. चारही बलून एकाच वेळी सारखेच गळणे शक्य आहे का?

वारणाकाठ (कॅलगरी)

ओंटारियोकर, आपण थांबलात ते फार चांगले केले. चारही बलून एकाच प्रमाणात गळतील याची शक्यता अगदी कमी आहे, आणि आपण वर्णन केलेल्या गोष्टीचे कारण बहुधा गळती नसून निव्वळ तापमान आहे.

थंडीत टायरमधला दाब कमी होतो हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून बलूनमधलाही दाब कमी होत असेल असे वाटते. पण तिथे गोष्ट वेगळी आहे. बलूनवर गाडीचे वजन आहे आणि ते थंडीत बदलत नाही, त्यामुळे ते वजन पेलण्यासाठी लागणारा दाब जवळपास तेवढाच राहतो आणि आकसते ते हवेचे आकारमान. आपल्या गॅरेजमध्ये २० अंश आणि बाहेर उणे २० अंश असतील, तर निरपेक्ष तापमान २९३ वरून २५३ केल्विनवर येते, म्हणजे आतल्या हवेचे आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटते. तेवढ्या प्रमाणात गाडी खाली बसणारच, आणि ती चारही कोपऱ्यांवर जवळपास सारखीच बसेल. त्यात एक रेणूभर हवासुद्धा बाहेर गेलेली नसते.

त्यामुळे ढोबळ नियम असा धरावा की चारही कोपरे सारखे खाली आले तर आधी थंडीचा हिशोब करावा, एकच कोपरा खाली आला तर त्या बलूनवर, नळीवर किंवा नळीच्या जोडावर संशय घ्यावा, आणि पुढचे किंवा मागचे दोन्ही कोपरे एकत्र खाली येत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक तपासावा. खात्री करून घ्यायची असेल तर रात्रभर तापमान फारसे बदलणार नाही असा दिवस निवडून मापे घ्यावीत. त्या दिवशीही गाडी खचली, तरच गळतीचा विचार करावा.

टाकीची गोष्ट मात्र टायरसारखी आहे. तिचे आकारमान ठरलेले असल्यामुळे तिथे थंडीत दाबच घटतो. म्हणून थंड सकाळी गाडी वर यायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

बाल्टिकचा_वारा (गोथेनबर्ग)

धाग्यातल्या मुख्य विवेचनाशी मी सहमत आहे, पण स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरून पाहताना एक भर घालावीशी वाटते. इथे पुण्याहून आलेले आम्ही बरेच जण वाहनउद्योगात काम करतो आणि हिवाळा म्हटले की आमच्याकडून उत्तर स्वीडनच्या कडक थंडीचीच अपेक्षा केली जाते. प्रत्यक्षात एअर सस्पेन्शनला कॅलगरीच्या उणे २५ अंशांपेक्षा गोथेनबर्गचे शून्य अंश अधिक छळतात. उणे २५ अंशांच्या हवेत बाष्पच नसते, रस्ता कोरडा असतो आणि एवढ्या थंडीत साधे मीठ बर्फ वितळवू शकत नसल्यामुळे ते टाकलेही कमी जाते. इथे मात्र डिसेंबर ते मार्च पारा शून्याच्या आसपास वरखाली होत राहतो, रस्त्यावर सतत खारट चिखल असतो आणि तो दिवसा उडून रात्री गोठतो.

या खारट चिखलाचा पहिला बळी म्हणजे उंचीच्या सेन्सरचा दांडा. सेन्सर आणि सस्पेन्शनच्या आर्मला जोडणारा हा बारीक दांडा दोन्ही टोकांना छोट्या बॉल जॉइंटवर फिरतो. जॉइंटमध्ये गंज शिरला की तो जड होतो, सेन्सर चुकीचे माप देतो आणि गाडी एका बाजूला वर राहते. मग त्यावर बर्फाचा गोळा जमला की दांडा सरळ तुटतो. तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर सुरक्षित उभी असताना आणि यंत्रणा बंद असताना दांड्याचे एक टोक सोडवून जॉइंट बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरायला हवा. अडखळत असेल तर दांडा बदलावा. त्याची किंमत सेन्सरच्या मानाने किरकोळ असते.

दुसरी जागा कॉम्प्रेसरची. कित्येक गाड्यांत तो गाडीच्या पोटाखाली, चाकाच्या फवाऱ्यात बसवलेला असतो. त्याच्या विजेच्या जोडणीत हिरवट गंज धरला आहे का, आणि त्याला धरणारे रबरी बुश फाटून तो बॉडीला टेकला आहे का, हे हिवाळ्याआधीच पाहून घ्यावे. एकदा एका सहकाऱ्याच्या जुन्या गाडीचा ड्रायर आम्ही उघडला, तेव्हा आतले दाणे भिजल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटून बसले होते, त्यांच्यावर पिस्टन रिंगची काळी पूड माखलेली होती आणि टोकाशी असलेली बारीक जाळी त्या चिखलाने बुजून गेली होती. बाहेरून तो ड्रायर अगदी नवा दिसत होता. त्यामुळे बाहेरून पाहून ड्रायरविषयी मत बनवू नये, आणि दाणे किंवा ड्रायर बदलण्याच्या धागाकर्त्यांच्या आग्रहाला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

एअरलाइन_सातारा

मी साताऱ्यात बस आणि ट्रकची एअर ब्रेक व बलूनची कामे करतो. कारचे एअर सस्पेन्शन माझ्या हातात फारसे येत नाही, पण हवा आणि पाणी यांचे भांडण दोन्हीकडे सारखेच आहे.

बसमध्ये कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे हवेबरोबर तेलाचा अंशही येतो आणि टाकीच्या तळाशी पाणी व तेलाचे दुधट मिश्रण जमते. ते काढण्यासाठी टाकीखाली ड्रेन कॉक असतो. आमच्याकडे अनुभवी चालक गाडी उभी केली की तो उघडून पाहतात. नुसती हवा आली तर ड्रायर ठीक आहे आणि पाण्याची चिळकांडी आली तर ड्रायरचे कार्ट्रिज (दाण्यांचा बदलता येणारा डबा) संपले आहे, इतका सरळ हिशोब असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कार्ट्रिजवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून ज्या गाड्या पुढे उत्तरेकडे थंडीत जाणार असतील त्यांची कार्ट्रिज दसऱ्यानंतर बदलण्याचा मी आग्रह धरतो.

कारच्या टाकीला असा कॉक असतो का? आणि थंड मुलखातले जुने ट्रकवाले एअर ब्रेकच्या लाइनमध्ये अल्कोहोल सोडत असत असे ऐकले आहे. तो उपाय कारमध्ये चालेल का?

वारणाकाठ (कॅलगरी)

साताऱ्याच्या मित्राचा ड्रेन कॉकचा मुद्दा मोलाचा आहे. कारमध्ये सहसा असा कॉक दिलेला नसतो, कारण कारच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल नसते आणि ड्रायर सर्व पाणी पकडेल असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे पाणी आत गेले आहे की नाही हे कळण्याचा सोपा मार्ग मालकाजवळ राहत नाही. आम्ही व्हॉल्व्ह ब्लॉकपाशी एक नळी सोडवतो, तेव्हा हवेसोबत ओलसर फवारा येतो का ते पांढरा कागद समोर धरून पाहतो. कागदावर ओला डाग उमटला तर पाणी आत आहे आणि काळा ठिपका उमटला तर पिस्टन रिंगची पूड व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली आहे. हे काम मात्र डायग्नॉस्टिक यंत्राने त्या लाइनमधला दाब जवळपास उतरवून आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच करावे, कारण बलूनमध्ये साधारण ५ ते १० बार दाब असतो आणि टाकीत त्याहून जास्त असू शकतो.

अल्कोहोलविषयी. ज्या जुन्या ट्रकांत ड्रायर नव्हते, त्यांच्या ब्रेकच्या हवेत मिथेनॉलची वाफ मिसळण्याची सोय केलेली असे, आणि उत्तर अमेरिकेत त्यासाठीची द्रावणे आजही मिळतात. कारच्या सस्पेन्शनमध्ये मात्र ते अजिबात सोडू नये. ड्रायरच्या दाण्यांची ओलावा धरण्याची ताकद त्याने कमी होते, व्हॉल्व्हमधल्या रबरी सीलना ते बाधू शकते आणि कारच्या यंत्रणेत त्याची तरतूदच केलेली नसते. व्हॉल्व्ह गोठला असेल तर गाडी गरम गॅरेजमध्ये पुरेसा वेळ उभी करून तो आपोआप सुटू द्यावा आणि त्यानंतर पाण्याचा मूळ मार्ग शोधावा.

बलूनच्या रबरालाही हेच लागू आहे. पेट्रोलियमपासून बनवलेले ग्रीस किंवा स्प्रे लावला की रबर फुगते आणि मऊ पडते. बलून आधी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, घडीत अडकलेली वाळू काढून टाकावी आणि नंतर काही लावायचेच असेल तर सिलिकॉनवर आधारित द्रव्य पातळ लावावे. वाळूचा उल्लेख मुद्दाम करतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर वाळू आणि बारीक खडी टाकतात; ती घडीत बसली की चाकाच्या प्रत्येक हालचालीबरोबर रबर घासत राहते.

सिंहगडपायथा (पुणे)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुन्या गाड्यांत पोलादी स्प्रिंगचे किट बसवून हा प्रश्न कायमचा का मिटवू नये? १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅममध्ये हवेचे सस्पेन्शन आले होते आणि गळतीला कंटाळून अनेक मालकांनी त्यात पोलादी स्प्रिंग बसवल्या, असे वाचल्याचे आठवते.

वारणाकाठ (कॅलगरी)

कॅडिलॅकचे उदाहरण बरोबर आहे, पण त्या काळी उंची सांभाळणारे व्हॉल्व्ह यांत्रिक होते आणि गळती रोखणारे साहित्यही आजच्यासारखे नव्हते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची हवेची स्प्रिंग १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हनमध्ये आली आणि त्यानंतर चित्र बदलत गेले.

किटला माझा सरसकट विरोध नाही. गाडी फार जुनी असेल, तिचे सुटे भाग मिळत नसतील आणि मालकाला उंची बदलण्याची गरज नसेल, तर तो पर्याय रास्त आहे. पण आजच्या गाडीत डॅम्परचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) नियंत्रण, हेडलाइटचा कोन आणि चालकाला मदत करणारे कॅमेरे हे सगळे गाडीच्या उंचीशी बांधलेले असते. स्प्रिंग बदलली की त्या सर्वांची गणिते बदलतात, आणि सामान भरल्यावर मागची बाजू खाली बसते ती वेगळीच. शिवाय खोल बर्फातून जाताना गाडी काही सेंटिमीटर वर उचलता येणे हा हिवाळ्यातला या यंत्रणेचा सर्वांत मोठा फायदा आहे. ज्या सोयीसाठी ही गाडी घेतली ती ऐन गरजेच्या काळात गमावणे मला पटत नाही.

इझारकाठ (म्युनिक)

टायर बदलताना होणाऱ्या नुकसानीबद्दल इथे अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. जर्मनीत 'ऑक्टोबर ते ईस्टर' हिवाळी टायर ठेवण्याची रूढी आहे, म्हणजे वर्षातून दोनदा गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर चढते. बॉडी वर उचलली आणि चाके लोंबू लागली की सेन्सरला वाटते गाडी प्रमाणाबाहेर उंच झाली आहे, आणि यंत्रणा चालू असेल तर कंट्रोल युनिट बलूनमधली हवा सोडू लागते. टायर बसवून गाडी खाली टेकवली की रिकामा बलून आत चुकीच्या जागी दुमडतो आणि तिथेच चिमटला जातो. जखम त्या दिवशी दिसत नाही. थंडीत रबर ताठरले की त्याच रेषेवर भेग पडते. यासाठीच गाड्यांत जॅक मोड, म्हणजे उंचीची आपोआप होणारी दुरुस्ती थांबवण्याची सोय, दिलेला असतो. तो मेन्यूमधून चालू करावा, टायरवाल्याला तसे सांगावे आणि शक्य असेल तर स्वतः समोर उभे राहावे. मी दर वेळी किल्ली हाती देण्याआधी जॅक मोड स्वतःच चालू करून देते.

दुसरा मुद्दा हिवाळाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांचा. इथे ठरावीक महिन्यांपुरतीच वैध असणारी नंबर प्लेट मिळते, त्यामुळे हौसेच्या गाड्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गॅरेजमध्ये झोपतात. अशी गाडी हळूहळू खाली बसत जाऊन रबरी थांब्यांवर टेकते. वसंत ऋतूत तिला तशीच ढकलून किंवा चालवून बाहेर काढणे म्हणजे दुमडलेला बलून फाडण्यासारखे आहे. बॅटरीला चार्जर लावून ठेवावा, गाडी नेहमीच्या उंचीवर उभी करावी, आणि बाहेर काढताना ती पूर्ण वर आल्याशिवाय चाक एक फूटसुद्धा फिरवू नये.

सह्यकडा

मी पुण्याहून जानेवारीत अटल बोगद्यातून लाहौलमध्ये, केलाँगपर्यंत जाण्याचा बेत करत आहे. गाडीला एअर सस्पेन्शन आहे आणि ती पुण्यातच वापरलेली आहे. हमीचा काळ संपला आहे, पण आजवर काहीही तक्रार नाही. अशा गाडीसाठी वेगळी तयारी लागेल का?

वारणाकाठ (कॅलगरी)

सह्यकडा, तक्रार नसली तरी तयारी लागेल, आणि ती कॅनडातल्या गाडीपेक्षा काकणभर जास्तच लागेल. आपल्या गाडीने पुण्याचे पावसाळे पचवले आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॉम्प्रेसरने ओढलेली प्रत्येक घोटभर हवा बाष्पाने भरलेली होती, त्यामुळे ड्रायर आता किती ओला आहे हे सांगता येत नाही, आणि पुण्यात पारा शून्याला जात नसल्यामुळे ते दिसण्याचे काही कारणही नव्हते. साताऱ्याच्या मित्राने बससाठी जो नियम सांगितला तोच आपण पाळावा : गळतीची तपासणी आणि नवा ड्रायर, दोन्ही निघण्यापूर्वी.

दुसरे कारण उंचीचे. केलाँग समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढीच कमी हवा आत येते, म्हणजे तेवढीच उंची गाठायला त्याला बराच जास्त वेळ चालावे लागते आणि तो लवकर तापतो. म्हणून तिथे विनाकारण गाडी वरखाली करू नये. खराब पट्ट्याआधी एकदा उंची वाढवावी आणि पट्टा संपल्यावर एकदाच कमी करावी. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी उंची बदलणारे बटण दाबू नये, कारण थंड बॅटरीवर कॉम्प्रेसरचा भार फार मोठा पडतो.

रात्री गाडी सर्वांत खालच्या पातळीवर ठेवू नका. तिथे बलूनची घडी सर्वांत घट्ट असते आणि ती तशीच गोठते. चढउतार सोपा व्हावा म्हणून थांबल्यावर आपोआप खाली बसण्याची सोय गाडीत असेल तर ती पुण्यातच बंद करून निघा. बर्फाच्या उंचवट्यावर गाडी पोट टेकून बसली आणि रात्रीत तो बर्फ घट्ट झाला, तर सकाळी ती सोडवणे जिकिरीचे होते. निघण्याआधी चाकांच्या कमानीत जमलेला बर्फ हाताने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. तिथे उकळते पाणी ओतू नये, कारण ते सेन्सरच्या जोडणीत शिरून पुन्हा गोठते. पहिले काही किलोमीटर खड्डे टाळत सावकाश चालवावे म्हणजे रबराला पुन्हा लवचिक होण्यास अवधी मिळतो.

ओंटारियोकर

आपण सुचवल्याप्रमाणे तापमान फारसे न बदललेल्या रात्री मापे घेतली. तीन कोपरे जागच्या जागी राहिले, परंतु पुढचा उजवा कोपरा थोडा खचला. आज दुपारी ऊन असताना साबणाचे पाणी फवारले. बलूनवर काहीच दिसले नाही, मात्र वर जिथे नळी बलूनमध्ये शिरते त्या पितळी जोडाच्या कडेला आधी पांढरी रेघ उमटली, मग एकच बुडबुडा फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा तयार होऊ लागला. आता पुढे काय करावे? बलून बदलावा लागेल का?

वारणाकाठ (कॅलगरी)

बलून बदलण्याची गरज दिसत नाही. चार बलूनचा खर्च तर नक्कीच वाचला. अशी गळती बहुधा नळीच्या टोकावर पडलेल्या ओरखड्यामुळे किंवा जोडातली रबरी रिंग कडक झाल्यामुळे होते, आणि थंडीत ती रिंग आणखी आकसली की वाढते. काम करणाऱ्याला सांगा की गाडी स्टँडवर घेऊन आधी त्या कोपऱ्यातली हवा डायग्नॉस्टिक यंत्राने सोडावी, मगच जोड उघडावा. नळीचे टोक काही मिलिमीटर मागे, धारदार कटरने अगदी काटकोनात कापावे. पक्कडीने किंवा कात्रीने कापलेले टोक चेपते आणि ते पुन्हा गळते. जोड जुना वापरू नये. आतले पितळी कडे आणि रिंग यांसह तो पूर्ण नवा घ्यावा. गाडी खाली टेकवण्याआधी त्या बलूनमध्ये हवा भरून घ्यावी.

ही गळती किती काळ चालू होती ते कळायला मार्ग नाही, म्हणून ड्रायरही याच वेळी बदलावा आणि कॉम्प्रेसरचा रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) नवा बसवावा. जास्त राबलेल्या रिलेचे संपर्क चिकटतात आणि मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. काम झाल्यावर त्याच जोडावर पुन्हा साबणाचे पाणी फवारून पाहा आणि मापांची कसोटी सारख्या तापमानाच्या रात्री पुन्हा घ्या. मापे घेताना गाडी मागच्या वेळी जिथे उभी होती तिथेच आणि त्याच दिशेने उभी करा, कारण जागा बदलली की जमिनीच्या थोड्याशा उतारानेही आकडे बदलतात.